हिशेबाच्या वहीला पत्र



संध्याकाळी सातच्या सुमाराला अक्कलकोट रस्त्यावरच्या एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात आपण गेलात, तर एक देखावा हमखास दिसेल. दिवसभराचा माल टेम्पोत चढलेला असतो. यंत्रमागांचा खडखडाट पाळी बदलण्यापुरता जरा उतरलेला असतो. आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी दिवाणजी संगणकापुढे बसून, डाव्या हाताने एकेक पावती उलटीत, उजव्या हाताने बिले उतरवून घेत असतात. पूर्वी हेच काम मांडी घालून चाले. आधी कीर्द लिहायची, मग कीर्दीवरून खतावणी करायची. आता कीर्द आणि खतावणी दोन्ही यंत्राच्या पोटात गेली. पण पावती पाहून बोटांनी उतरवून घेण्याचे कष्ट काही गेले नाहीत.

यंत्रातल्या या वहीचे नाव आपल्याकडे बहुतेक दुकानांतून आणि कारखान्यांतून टॅली. 1986 साली बंगळूरच्या श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखे साधन मिळेना, तेव्हा त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी ते तयार केले, ही तिची जन्मकथा. तालुक्याच्या गावी संगणकवर्गाच्या पाट्यांवर तिचे नाव आपण वाचले असेलच. या वहीत हिशेब कसा लिहावा हे मला आज सांगायचे नाही. ते दिवाणजी माझ्यापेक्षा चांगले सांगतील. पण या वहीला बाहेरून पत्र घालता येते आणि ती पत्राला उत्तर देते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्या पत्रव्यवहाराविषयी मी बोलणार आहे. तो करताना मी स्वतः एकदा चांगलाच तोंडघशी पडलो, तेही सांगणार आहे.

माझा मूळ विषय अर्थशास्त्र. संगणकाला कामे सांगण्याची विद्या मी चाळिशी उलटल्यावर, विद्यार्थ्यांच्या मागच्या बाकावर बसून शिकलो, आणि नव्याने शिकलेल्या माणसाला जी घाई असते ती मला होती. माझा एक जुना विद्यार्थी टॉवेलचा छोटा कारखाना चालवतो. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी आणि परगावच्या व्यापाऱ्याशी हिंदी बोलणारी जी मुले आपल्या सोलापुरात गल्लोगल्ली आहेत, त्यांतलाच हा एक. गोदामातून माल निघाला की तिथला पोरगा मोबाइलवर एका तक्त्यात टिपून ठेवी: माल कोणाला, किती डझन, काय भावाने. तीच माहिती संध्याकाळी दिवाणजी पुन्हा टॅलीत लिहीत. दिवाळीच्या आधीचा महिनाभर तर त्यांना घरी जायला रात्रीचे दहा वाजत. एकदा तो मला म्हणाला, "सर, एकदा लिहिलेलं पुन्हा कशाला लिहायचं? तुम्ही ते पायथन का काय शिकवताय ना, त्याला सांगा की."

पायथन ही संगणकाशी बोलण्याची एक भाषा. गिडो व्हान रोसम या डच गृहस्थांनी 1991 साली ती लोकांपुढे ठेवली. नाव अजगराचे असले तरी ते घेतले आहे विलायतेतल्या एका विनोदी टेलिव्हिजन कार्यक्रमावरून. तेव्हा कोणी घाबरू नये. अशा भाषेत लिहिलेल्या छोट्या आज्ञापत्राला स्क्रिप्ट म्हणतात. घरातून निघताना आपण मुलाच्या हाती चिठ्ठी देतो: आधी रेशनच्या दुकानात जा, तिथून गिरणीत जा, पीठ झाले नसेल तर थांब. स्क्रिप्ट म्हणजे तशीच चिठ्ठी. पुढे 'थांब' या शब्दाशी आपल्याला काम पडणार आहे, तो लक्षात असू द्या.

आता वहीला पत्र घालायचे म्हणजे काय करायचे? संगणकाला क्रमांक दिलेली पुष्कळ दारे असतात असे समजा. टॅलीचे दार ठरलेले आहे, ते 9000 क्रमांकाचे. मालकाने टॅलीत सांगून ते उघडावे लागते. उघडले आहे की नाही हे पाहणेही सोपे आहे. आपण बातम्या वाचायला जो ब्राउझर उघडतो, त्यात त्या संगणकाचा पत्ता आणि पुढे 9000 लिहिले की एका ओळीचे उत्तर येते, टॅलीचा सर्व्हर चालू आहे. मी ती ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा बंद दुकानाच्या फळीवर टकटक करावी आणि आतून कोणी "कोण आहे?" म्हणावे, तसे वाटले.

या दारातून आत टाकायचे पत्र ठरावीक घाटाचे असावे लागते. गंमत अशी की त्याच्या बाहेरच्या आवरणाला इंग्रजीत एन्व्हलप, म्हणजे लिफाफाच म्हणतात. लिफाफ्यात दोन भाग. वरचा मथळ्याचा, त्यात पत्र कशासाठी आहे ते सांगायचे. 'एक्स्पोर्ट' लिहिले तर अर्थ, तुझ्याकडची माहिती मला दे. 'इम्पोर्ट' लिहिले तर अर्थ, मी देतो ती नोंद तुझ्यात करून घे. खालचा भाग मजकुराचा: कोणत्या कंपनीची वही, कोणती तारीख, कोणाच्या नावे, किती रक्कम. प्रत्येक गोष्ट आपापल्या खुणांच्या कंसात बसवायची. या लिहिण्याच्या रीतीला एक्सएमएल म्हणतात. 1998 साली ती प्रमाण म्हणून मान्य झाली. माणसाला ती वाचायला कंटाळवाणी, पण यंत्राला कोणती रक्कम आणि कोणती तारीख हे चुकूनही विचारावे लागत नाही.

मजकुराच्या तऱ्हा मात्र शिकाव्या लागतात. तारीख आठ आकड्यांत सलग लिहायची, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. नावे पडणारी रक्कम उणे चिन्हाने आणि जमेची साधी. यावर माझे दोन दिवस गेले, कारण कॉलेजात आम्ही नावे-जमा शिकवतो ते फळ्याच्या डाव्या-उजव्या बाजूने, उणे-अधिक चिन्हाने नव्हे. मराठी नावे पाठवायची तर अक्षरे कोणत्या संकेताने लिहिली आहेत तेही पत्रावर सांगावे लागते; नाही तर 'विठ्ठल'च्या जागी प्रश्नचिन्हांची माळ येते. आणि दुकानांच्या पाट्यांवर 'आणि' या अर्थाने जी वळणदार इंग्रजी खूण काढतात, ती तर या पत्रात जशीच्या तशी चालतच नाही. ती खूण एक्सएमएलने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवली आहे. 'अमुक आणि सन्स' नावाचे गिऱ्हाईक आले की आमचे पत्र परत येई.

एवढे सगळे जमवून चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट झाली. संध्याकाळी गोदामाचा तक्ता वाचायचा, एकेका बिलाचे पत्र करायचे, 9000 च्या दारात टाकायचे, उत्तर आले की पुढचे. पहिल्या दिवशी 60 बिले मिनिटा-दीड मिनिटात लागली. माझा विद्यार्थी टाळ्या वाजवू लागला. दिवाणजी मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. साठीला आलेल्या माणसापुढे त्याचे रोजचे दोन तासांचे काम दीड मिनिटात होते, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल, याचा विचार मी त्या वेळी केला नाही, हे कबूल केले पाहिजे.

मी दुसराही एक विचार केला नव्हता. पत्राला उत्तर येते ते दोन थरांचे असते. वरच्या थरात एक आकडा असतो, 200. त्याचा अर्थ इतकाच, की पत्र पोचले आणि दार उघडून कोणी तरी ते घेतले. पूर्वी आपण रजिस्टर पत्र पाठवीत असू, त्याची पोचपावती सहीनिशी परत येई. पण आपण लिहिलेले काम त्या माणसाने केले की नाही, हे पोचपावतीवर कुठे असे? ते कळायला त्याचे उत्तर वाचावे लागे. टॅलीही आत, खालच्या थरात, नीट लिहून देते: नव्या नोंदी इतक्या झाल्या, बदलल्या इतक्या, चुका इतक्या. खात्याचे नाव वहीत नसेल तर तसेही स्पष्ट लिहिते. माझी स्क्रिप्ट नुसता 200 चा आकडा पाहून खूश होई. आतला मजकूर ती वाचतच नव्हती, कारण मी तिला वाचायला सांगितलेच नव्हते. पहिल्या आठवड्यात चार बिले अशी गळाली. तक्त्यात एका गावाचे नाव ऱ्हस्व, वहीत दीर्घ. टॅलीने चूक म्हणून कळवले, आणि आम्ही "पोचले" म्हणून पुढे गेलो. ही चूक दिवाणजींनी बेरीज लावून दुसऱ्याच दिवशी पकडली. आम्ही ती सुधारली. मला वाटले, आता झाले.

खरी गोष्ट दिवाळीच्या तोंडावर घडली. मघाचा 'थांब' शब्द आठवा. उत्तरासाठी किती वेळ थांबायचे ते स्क्रिप्टला सांगावे लागते. मी दहा सेकंद सांगितले होते. आणि तेवढ्यात उत्तर आले नाही तर तेच पत्र पुन्हा टाक, असेही सांगितले होते. वरवर पाहता यात गैर काय आहे? पण त्या रात्री त्याच संगणकावर कोणी तरी वर्षभराचा मोठा अहवाल काढीत होते. वही आपल्या कामात गुंतलेली. आमचे पत्र दाराशी पडून राहिले. दहा सेकंद झाले, स्क्रिप्टने तेच पत्र पुन्हा टाकले. मग वही मोकळी झाली. तिने पहिले पत्र उचलले, नोंद केली. दुसरे उचलले, पुन्हा नोंद केली. वहीचा काही दोष नाही. तिला दोन पत्रे आली, तिने दोन कामे केली. अशी त्या रात्री 11 बिले दोनदा लागली.

चार दिवसांनी मोहोळ तालुक्यातल्या एका गावचे कापड दुकानदार एस.टी.ने कारखान्यात आले. वयस्क माणूस, डोक्याला टोपी, काखेत लाल कापडी बांधणीची चोपडी. त्यांच्या मोबाइलवर कारखान्याकडून खात्याचा उतारा गेला होता आणि त्यात 18,400 रुपयांचे बिल दोनदा होते. फोन करून विचारता आले असते. पण ते स्वतः आले, चोपडी उघडून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "शेठ, तुमच्या वडलांपासून माल न्यायलोय. एकदा तरी बिल ठेवलंय का मी? घरात पोरानं उतारा वाचला. पोराला वाटायलंय, म्हाताऱ्यानं उधारी लपवली."

मी योगायोगाने तिथेच बसलो होतो. त्या खोलीत पैशाचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. बिलाचा क्रमांक तोच, तारीख तीच, रक्कम तीच. दुसरी नोंद काढून टाकली, नवा उतारा दिला. पण मुलाच्या नजरेत उतरल्याचे त्यांना जे लागले होते, ते काढून टाकायला कुठली कळ दाबायची? माझा विद्यार्थी त्यांच्या मुलाला फोन करून बोलला. मीही बोललो; चूक माझी आहे आणि मी कॉलेजात शिकवतो, हे दोन्ही सांगितले. ते गेल्यावर दिवाणजी मला म्हणाले, "सर, आमच्या वडलांच्या वेळी हुंडी हरवली तर काय करायचे, ठाऊक आहे का?"

हुंडीचा धंदा मला पुस्तकातून माहीत होता, पण त्यांनी सांगितले तसा तो मी कधी शिकवला नव्हता. हुंडी म्हणजे तरी काय, परगावच्या पेढीच्या वहीला घातलेले पत्रच की. अमक्याला इतके रुपये द्यावेत. रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून रक्कम अंकात लिहीत, अक्षरात लिहीत, आणि वर निम्मी रक्कम लिहून 'तिची दुप्पट पुरे इतके' असेही लिहीत. आणि हुंडी वाटेत गहाळ झाली तर? तेच पत्र पुन्हा लिहून धाडले तर पेढी दोनदा पैसे देऊन बसेल. म्हणून दुसरे पत्र धाडीत त्याचे नावच वेगळे, पेंठ. पेंठेत लिहिलेले असे, की पहिल्या हुंडीचे पैसे दिले नसतील तर या पत्रावर द्यावेत. तीही हरवली तर तिसरी, परपेंठ. तिच्यात मागच्या दोन्हींचा उल्लेख. पत्रे तीन गेली तरी पैसे एकदाच निघत. रेल्वे नव्हती, तारायंत्र नव्हते, तेव्हापासून ही तोड आपल्या पेढ्यांत होती. मी वाणिज्य शाखेला शिकवणारा माणूस, आणि पत्र पुन्हा धाडताना 'हे दुसरे आहे' असे लिहायचे माझ्या मनातही आले नाही!

आजच्या मोठ्या व्यवस्थांनी ही तोड आपापल्या परीने केलेली आहे. जी.एस.टी.तले ई-इन्व्हॉइस घ्या. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये ते 500 कोटींवर उलाढाल असलेल्यांना लागू झाले आणि उतरत उतरत 2023 च्या ऑगस्टपासून 5 कोटींवरच्यांना लागू झाले. तिथेही एका संगणकाने दुसऱ्याला पत्र घालायचे असते आणि उत्तरात 64 अक्षरांचा एक क्रमांक मिळतो. हा क्रमांक मनाला येईल तसा दिलेला नसतो. विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिलाचा क्रमांक यांतून तो गणिताने निघतो. म्हणजे तेच बिल दहादा पाठवले तरी क्रमांक तोच निघणार, आणि सरकारी यंत्र म्हणणार, हे तर आधीच आले आहे. आपल्या रोजच्या व्यवहारातही हा प्रसंग येतो. दुकानात मोबाइलवरून पैसे पाठवावेत, चक्र फिरतच राहावे. दुकानदार म्हणतो आले नाहीत, आपण म्हणतो गेले. अशा वेळी पुन्हा पाठवण्याची घाई जो करतो तो फसतो. आधी मागच्याचे काय झाले ते विचारायचे.

आमच्या स्क्रिप्टलाही मी तेच शिकवले. आता उत्तर आले नाही, तर ती तेच पत्र पुन्हा टाकीत नाही. आधी 'एक्स्पोर्ट'चे, म्हणजे चौकशीचे पत्र टाकते: या क्रमांकाचे बिल तुझ्याकडे लागले आहे का? 'नाही' असे उत्तर आले तरच बिलाचे पत्र पुन्हा जाते. चौकशी कितीही वेळा करा, वहीत काही बदलत नाही. नोंद एकदाच व्हायला हवी. हा फरक ज्याला समजला त्याला या विषयातले निम्मे समजले, असे मी वर्गात सांगतो. शिवाय टॅलीत विक्रीच्या बिलांना एकच क्रमांक दोनदा घेऊ नये, असे बंधन घालता येते. ते आम्ही घातले. आधीच घातले असते तर दुसरी नोंद दारातूनच परत गेली असती. पण सोय असणे वेगळे आणि ती चालू करणे वेगळे.

आणखी एक गोष्ट घाईत सांगतो, कारण ती महत्त्वाची आहे. या 9000 च्या दाराला स्वतंत्र कुलूप नसते. वही आत उघडलेली असली, की दारापर्यंत पोचणारा कोणीही तिला विचारू शकतो. म्हणून हे दार कारखान्याच्या आतल्या जाळ्यापुरतेच उघडे ठेवावे. इंटरनेटच्या हमरस्त्यावर ते कधीही उघडू नये. घरबसल्या वही पाहता येईल या मोहाने कोणी ते रस्त्यावर उघडतात. पेढीची चोपडी कोणी बाजारकट्ट्यावर ठेवून जेवायला जाईल काय?

आमच्या शिक्षकबंधुभगिनींना मात्र हे दार आपल्या शाळेतल्या संगणकावर जरूर उघडता येईल. टॅलीची शिकाऊ रीत पैसे न भरता चालते. तिच्यात महिन्याच्या 1, 2 आणि 31 या तारखांच्याच नोंदी होतात, पण शिकायला तेवढ्या पुरेत. शाळेचे एक काल्पनिक सहकारी भांडार काढा, वह्या-पेन्सिलींची पाच बिले मुलांकडून तक्त्यात लिहून घ्या आणि पायथनने वहीत पाठवा. मग मुद्दाम एका खात्याचे नाव चुकवा आणि उत्तर मोठ्याने वाचायला सांगा. मग एखादे बिल दोनदा पाठवा. मुलांना दोन्ही वेळा 200 चाच आकडा दिसेल. वहीत किती बिले लागली, हे मोजायला त्यांना कागद-पेन्सिल घेऊन बसवा.

दिवाणजी अजून कारखान्यात आहेत. बिले ते आता उतरवीत नाहीत. रोज सकाळी स्क्रिप्ट त्यांच्यासाठी एक कागद छापून ठेवते: गोदामातून किती बिले निघाली, वहीने किती घेतली, किती नाकारली आणि का, दोन्हीकडची बेरीज किती. ते पेन्सिलीने एकेक ओळीवर टिचकी मारीत जातात. बेरीज जुळली तरच उतारे गिऱ्हाइकांना जातात. हा नियम त्यांनी घातला, मी नव्हे. दिवाळीनंतर मोहोळकडचे ते दुकानदार मालाला आले तेव्हा मी तिथे नव्हतो. विद्यार्थ्याने फोनवर सांगितले, की या खेपेला बरोबर मुलगा होता, आणि दिवाणजींनी त्या दोघांना तो सकाळचा कागद दाखवून, त्यांच्या बिलावरची टिचकी कुठे आहे तेही दाखवले.